हौदातली होडी

माझा बाबा म्हशाच्या गुरांच्या जत्रेला जायचा तो स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यांसाठी जास्त. आमच्या धसईच्या आसपास कुणाला बैलजोडी घ्यायची असली की बाबाला पुढे घालून नेत. बाकीचे बैलाचे दात बघत, चाल बघत, रंगवलेल्या शिंगांवर खूश होत. बाबा बैल खाली बसवायला लावायचा आणि तो उठताना बघायचा. "चालताना कोन पन बघंल. चिखलात बसला का उठतो कसा, ते बघायचं," असं त्याचं म्हणणं. त्याने निवडलेला बैल नांगर ओढताना खाली बसला, असं मी कधी ऐकलं नाही.

मी त्याची एकुलती एक मुलगी. आई मी शाळेत असतानाच गेली. मी मुंबईला शिडं शिवायच्या एका कारखान्यात शिलाईला लागले आणि शिवता शिवता होड्यांवर चढले. कोणतं शीड कुठे ताणतं हे बघायला म्हणून गेले ते उतरलेच नाही. बाबाने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. "येवढं पानी, नि गुरांना पाजता येत नाय," एवढंच तो तेव्हा बोलला.

गेल्या हिवाळ्यात एक अडतीस फुटी शिडाची होडी मुंबईहून कोचीला पोचवायचं काम आलं. चार माणसं, त्यात मी एक. निघण्याआधी दोन दिवस घरी आले. बाबाला वाटलं होतं मी जत्रेसाठी आलेय. खरं कळल्यावर तो ओट्यावर बसला आणि एकेक विचारत माझी होडी पारखायला लागला.

मला ऐट आली. मी अंगणात काटकीने होडी काढली आणि सांगत सुटले. पाण्यात बुडालेली लांबी जेवढी, तेवढाच तिचा वेग. कितीही वारा सुटला तरी तासाला साडेसात समुद्री मैलांपलीकडे ती फारशी जात नाही. वजन कमी केलं तर हलक्या वाऱ्यात पळते, पण लाटेत माणसाला घुसळून काढते. तळाखाली शिसं असतं, सगळ्या होडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. वाऱ्याने होडी कलली की ते शिसं तिला परत खेचतं. जितकी कलेल तितकं जोरात खेचतं. बाबा मान डोलवत होता. गाडी भरताना मागे जास्त भार झाला की ती उलाळते, हे तो आयुष्यभर सांभाळत आला होता, त्यामुळे वजन कुठे ठेवावं हे त्याला माझ्याआधी समजत होतं.

मग त्याने विचारलं, "पडली तं उठते का गो?"

"उठते," मी म्हटलं.

"पार पडली तरी?"

"पार पडली तरी."

हे खोटं होतं. होडी आडवी झाली तर उठते. त्याच्याही पलीकडे गेली, शिडाचा खांब पाण्याखाली जाऊन पार पालथी झाली, तर रुंद होडी पालथीच पडून राहू शकते. किती अंशांपर्यंत उठेल याचा कागद माझ्या पिशवीत होता. तो बाबाला वाचून दाखवला असता तर त्याने मला जाऊ दिलं नसतं, असं मला वाटलं. खरं म्हणजे जाऊ दिलं असतं. फक्त तो झोपला नसता.

गोव्याला थांबलो तेव्हा मी फोन केला. बाबाने होडी केली होती. वाळलेला मोठा दुध्या उभा चिरून अर्धा घेतला, वर फळी ठोकली, फटी डांबराने बुजवल्या आणि खाली नांगराचा जुना फाळ बांधला. गुरांच्या हौदात सोडली. "आडवी केली तं उठते," तो म्हणाला, "पन पालथी केली का नाय उठत."

मी हसले. "बाबा, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुझी फळी रुंद झालीय."

"मंग तुमची कशी उठते?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मागून कोणी तरी दोर सोडा म्हणून ओरडत होतं. "आमची उठते रे," मी म्हटलं.

"म्हंजे खोट माझ्याच होडीत हाय," बाबा म्हणाला, आणि मी फोन ठेवला.

कारवारनंतर आम्ही किनारा सोडून बाहेर गेलो आणि फोन बंद पडले. वारा इतका पडला की अर्धा वेळ इंजिनावर चाललो. होडी एकदासुद्धा धड कलली नाही. कोचीच्या धक्क्याला लागलो तेव्हा फोनला रेंज आली आणि चुलतभावाचे एकोणीस निरोप दिसले. बाबा हौदापाशी घसरला होता. डोक्याला कड लागली. अग्नी चुलतभावाने दिला. वाट तरी किती बघणार ते.

मी घरी पोचले तेव्हा दहावं व्हायचं होतं. शेजारची काकू माझा हात धरून बसली आणि तिने सांगितलं ते असं: "सकाळ-सांच्याला हौदावर जायचा. होडी पालथी करायचा. नाय उठली का नाल बांधायचा नि परत पालथी करायचा. त्या दिसी मला हाक मारली, उठली गो, उठली म्हनून. मी बोलले, भाकर तव्यावर हाय, येते. येऊन बघते तं हा खाली पडलेला."

काकूला दोष कसा देऊ. तिची भाकरी होती, फोनवर माझा दोर होता.

होडी हौदातच होती. फाळाच्या भोवती बैलांच्या पायांचे झिजलेले नाल तारेने बांधलेले होते. घरात आलेल्या एकेका जोडीचे नाल बाबाने डब्यात जपून ठेवले होते, ते सगळे त्याने माझ्या होडीला लावले. भाराने होडी इतकी खाली बसली होती की फळीवर पाणी चढलं होतं. मी हिशेब करू शकत होते: असल्या होडीला वेग नाही, शीड लावलं तरी ती जागची हलणार नाही. बाबाला ती कुठे जायला नकोच होती.

मी ती पालथी केली. पाण्याखाली ती थोडी थांबली, मग फाळ फिरला आणि ती हळूहळू उठली. मी पुन्हा पालथी केली. पुन्हा उठली.

मी हौदाच्या कडेला बसले, तिथली जागा काकूने शेणाने सारवली होती, आणि बाबाला खरं सांगितलं. "बाबा, खोट तुझ्या होडीत नव्हती रे. पालथी झाली तर आमचीपन नाय उठत."