हात मागे बांधून शिकवणारे मुकादम सर

मुकादम सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. दिल्लीच्या द्वारकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात मी चौदा वर्षं पुस्तकं लावते. सरकारी नोकरीतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले सर एका दुपारी आले, चार पुस्तकं चाळली आणि भलत्याच कपाटात ठेवली. मी म्हटलं, "वाचायला या, पसारा करायला नको." सरांनी चारही पुस्तकं निमूट काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "बिल्कुल बरोबर. चूक माझी." एवढ्या हुद्द्यावरचे गृहस्थ चूक कबूल करतात, हे मी दिल्लीत पहिल्यांदा पाहिलं.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहायला मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण बाकीचे सगळे त्यांच्या हुद्द्याविषयी लिहितील, म्हणून मी बसले लिहायला.

गेल्या वर्षी कार्यकारिणीने ठरवलं, की वार्षिक सभेत सगळ्या पुस्तकांची एकच यादी कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे. नाहीतर कॉम्प्युटर येणारी मुलगी ठेवू. म्हणजे मी घरी. प्रत्येक कपाटाची वेगळी फाइल मी कशीबशी टाइप केली होती. त्या जोडून लेखकांप्रमाणे लावणं माझ्याच्याने होईना. सरांनी त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहून आणला. मला वाटलं, सुटले.

सर म्हणाले, "लिहिला मी. चालवणार तुम्ही. नवीन पुस्तकं आली की दर वेळी मला हाक मारणार का?"

मी फाइलवर दोनदा क्लिक केलं. काळी खिडकी उघडली आणि पापणी लवायच्या आत गेली.

"बिघडलेला दिलात तुम्ही," मी म्हटलं.

"तो बोलून गेला, आपण ऐकलं नाही. आधी काळी खिडकी आपण उघडायची, मग तिच्यात हुकूम लिहायचा." एवढं बोलून सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हात काय बांधताय? करून दाखवा ना!"

"माझा हात लागला, की तुमचं शिकणं राहिलं."

तीन आठवडे मी चिडत होते आणि सर, गुडघे दुखत असताना, तसेच उभे राहत होते. पडद्यावर दिसेल ते सगळं मी वहीत उतरवायचे आणि जसंच्या तसं टाइप करायचे. दर वेळी चूक. शेवटी सरांनी वही मागून घेतली आणि ओळीच्या मधोमध, बाणासारख्या > या खुणेपाशी, तांबडी रेघ मारली. "बाणापर्यंतचं कॉम्प्युटर स्वतः लिहितो, लताबाई. पुढचं तेवढं तुमचं." ओरडले नाहीत, हसले नाहीत. मी असते तर हसले असते. त्या दिवशी मी वही आपटून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सर वेळेवर हजर, वही त्याच पानावर उघडलेली.

सभेच्या दिवशी मी शंभर डोळ्यांसमोर हुकूम लिहिला. यादी आलीच नाही, इंग्रजीची एक लांब ओळ आली. सचिव पुढे सरसावले. "राहू द्या लताबाई, सर करतील."

मी मागे पाहिलं. सर शेवटच्या रांगेत, हात खुर्चीच्या मागे. मला इतका राग आला, की मी सचिवांना म्हटलं, "तुम्ही बसा!"

ओळीचा शेवट आधी वाचायचा, हे सरांनी घोकून घेतलं होतं. शेवटी होतं, फाइल सापडत नाही. ते शब्द मी आता चेहऱ्याने ओळखते. सर म्हणायचे, "फाइल कुठे जात नाही. आपण सेक्टर बारात उभे राहून सेक्टर सहाचं दार वाजवतो, मग उघडणार कोण?" मी कॉम्प्युटरला विचारलं, मी कुठे आहे? भलत्याच फोल्डरमध्ये होते. ग्रंथालयाच्या फोल्डरमध्ये गेले आणि तोच हुकूम पुन्हा दिला.

नावं पडद्यावर धावायला लागली. सरांनी तेव्हा हात सोडले, ते टाळ्या वाजवायला.

मुलगी ठेवायचा विषय पुन्हा निघाला नाही. हल्ली मंगळवारी सचिव स्वतः माझ्याकडे शिकायला बसतात. चुकले की माझा हात कीबोर्डकडे धावतो. मी तो पदरात गुंडाळून धरते. फार अवघड आहे हो ते! सर कसे उभे राहिले असतील, ते आत्ता कळतंय.

सरांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत. शंभरीच्या समारंभाची पाहुण्यांची यादी मीच काढणार आहे. सरांनी शेवटच्या रांगेत बसावं, आणि या वेळी हात मोकळे ठेवून.