बोराटीचं कडं

सोलापूरहून निघालेल्या गाडीनं उमरग्यापर्यंत दोनदा दम टाकला आणि कल्याणीला पोचेपर्यंत माझाही टाकला गेला. मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, डोक्यावर कोणाचं तरी गाठोडं आणि तोंडात तांबडी धूळ. पाखरांचे फोटो काढायला माणसानं चैत्रात एवढ्या लांब जावं का, असं घरच्यांनी विचारलं होतं. त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हे आता लिहून टाकतो.

मला चंडोल हवा होता. त्यातला एक लहान प्रकार उघड्या माळावर, जमिनीतच घरटं करतो. नर आभाळात कोलांट्या घेतो म्हणून काही ठिकाणी त्याला डोंबारी म्हणतात. आई-बाप दोघंही पिलांना भरवतात, आणि त्या भरवण्याचा एक नीट फोटो मला प्रदर्शनासाठी पाहिजे होता. तीन वर्षं मी त्याच्या मागे होतो आणि तीन वर्षं माझ्या पदरी हललेले, धूसर फोटो पडले होते.

स्टँडवर चहा घेताना चौघांनी पेटीभोवती कडं केलं. राज्यांच्या नव्या हद्दीची बोलणी तेव्हा गावोगाव चालू होती. त्यांना वाटलं, मी सरकारी माणूस, गाव इकडे टाकायचं की तिकडे ते ठरवायला आलोय. पाखरांसाठी आलो म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. एकानं मात्र सहानुभूतीनं विचारलं, की मला दुसरं काही काम नाही का.

मी उतरलो होतो शिवलिंगप्पांकडे. कापडाचा व्यापार, गळ्यात लिंग, घरात मराठी आणि दुकानात कानडी, गिऱ्हाईक पाहून उर्दूसुद्धा. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. ज्वारीची भाकरी, पुंडीपल्ले (डाळ घातलेली अंबाडीची भाजी) आणि वर कच्चं करडईचं तेल, असं जेवण त्यांनी पुढ्यात ठेवलं आणि ताट रिकामं होऊ दिलं नाही. माळावरच्या पाखरांची माहिती मेंढपाळांनाच, असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भागाक्काकडे नेलं.

भागाक्का साठीची, सडसडीत धनगरीण. नवरा आजारी, कळप तीच राखायची. तिनं मला माळावर एका जागी नेलं आणि बोट दाखवलं. बोराटीच्या वाळक्या काट्यांचं हातभर रुंद कडं होतं, आणि आत मातीच्या खळग्यात तीन पिलं, चोच उघडून. कडं तिनंच घातलेलं. त्या माळावर रीतच होती: ज्या मेंढपाळाला घरटं आधी दिसेल त्यानं भोवती काटे ठेवायचे, मग कोणाचाही कळप आला तरी बाजूनं जातो.

"काटं काढलासा तर परत ठिवा, सायब," ती म्हणाली. "मेंढरं काट्याला वळत्यात, मला न्हाई."

मी हो म्हटलं. सहज म्हटलं, दुकानदाराला उद्या येतो म्हणावं तसं.

तट्ट्याचा आडोसा उभा केला, कॅमेरा घरट्यापासून दोन हातांवर लावला, टोकाचा फुगा दाबला की फोटो निघेल अशी त्याची लांब रबरी नळी माझ्यापर्यंत आणली. पण काट्यांच्या सावल्या पिलांच्या तोंडावर पडत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला काटे दिसायलाच नको होते. रानातलं पाखरू रानातलंच दिसावं. मी कडं उचलून लांब, नजरेआड ठेवलं. तासाभरानं मादी आली, पण ऊन एवढं की भरवण्याऐवजी ती पंख पसरून पिलांवर सावली धरून उभी राहिली. मी तिच्यावर चिडलो. एवढ्या लांबून मी काय तिची सावली पाहायला आलो होतो? संध्याकाळी काटे परत ठेवले, बोटं रक्ताळली, तेव्हा भागाक्कावरही चिडलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर नर नाकतोडा घेऊन आला. तिन्ही चोची एकदम वर. मी रबरी फुगा दाबला. मिळाला, हे तेव्हाच कळलं. पण हाव सुटते. सकाळच्या तिरप्या उजेडात आणखी एक हवा होता. काटे ठेवायचे आणि पहाटे पुन्हा काढायचे, म्हणजे पाखरं पुन्हा तासभर बुजणार. कळपाच्या आधी मी येणारच आहे, असं स्वतःला सांगितलं, कॅमेरा नि तट्टा उचलला आणि काटे तसेच टाकून आलो.

सकाळी अण्णांकडे कसलीशी पूजा होती. हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) खाल्ल्याशिवाय सोडेनात. मीही फार ताणून धरलं नाही, हुग्गी चांगली होती.

माळावर पोचलो तेव्हा कळप पलीकडच्या उताराला लागला होता. जमिनीवर खुरांचे ठसेच ठसे. भागाक्का घरट्याच्या जागी उकिडवी बसली होती. खळगा सपाट झाला होता. दोन पिलं मातीत दाबली गेली होती, तिसऱ्याचं पाऊल तेवढं वर होतं.

"मी काटंच बघत आले," ती म्हणाली. "दिसंनात, म्हणून वाटलं अजून फुडं हाय."

मादी चोचीत अळी घेऊन आली, खळग्याभोवती तुरुतुरु चालली, थांबली, पुन्हा चालली. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला, हे लपवत नाही. भागाक्कानं ते पाहिलं.

"तुमचा फोटू निघाला न्हवं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. एवढं झालं ते कशासाठी तरी झालं का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं. ती उठली, मी नेऊन टाकलेले काटे तिनं एकेक करून गोळा केले आणि ती कळपामागे गेली. दुसरं घरटं दिसलं तर लागतील म्हणून. ती रागावली असती तर मला परतीच्या गाडीत झोप लागली असती.

पुण्यात फोटो धुतला. तीन वर्षांत असा निघाला नव्हता. नाकतोड्याचे पाय मोजावेत इतका स्वच्छ. प्रदर्शनात परीक्षक त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माणसाचा हातच लागलेला नाही अशी जागा आहे ही." मी आभार मानले आणि बक्षीस घेतलं.

आता नवशिके फोटो काढणारे येतात, ती जागा कुठली, पुन्हा कधी जाणार, असं विचारतात. मी त्यांना सांगतो, तिकडे ऊन फार असतं.