नाकमुरड्यांचं मिठाबद्दलचं मत

कारखान्याच्या हजेरीत त्यांचं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त हजेरीलाच ठाऊक. बाकी सगळे त्यांना नाकमुरडे म्हणायचे. नव्याने आलेल्यांना हे आडनावच वाटायचं, आणि महिनाभर सोबत काम केल्यावर या माणसाला दुसरं आडनाव शोभलंच नसतं, हेही पटायचं.

कारखान्यात सूपची पाकिटं आणि बिस्किटं बनत. सगळ्यांवर हिरव्या अक्षरांत छापलेलं असे, 'तब्येतीला चांगलं'. नाकमुरडे तिथे चव घेणारे होते. हसू नका, हे खरोखरचं काम असतं आणि वाटतं तितकं मजेचं नसतं. सकाळी चहा नाही, कांदा नाही, वासाचा साबण नाही. दहाच्या ठोक्याला एका लांबट खोलीत जायचं. तिथे भिंतीला लागून पाच खोपटी, प्रत्येकात एक स्टूल, एक नळ आणि समोर हातभर झडप. वर लाल दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग कळू नये. झडप उघडे, पलीकडून तीन कप आत सरकत. दोन कपांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला, त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी परत सरकवायची. बोलायचं नाही, शेजाऱ्याला ऐकू जाईल असा उसासासुद्धा टाकायचा नाही. नाकमुरड्यांनी एकोणीस वर्षं त्या खोपट्यात काढली होती.

तिथे दाबून ठेवलेलं सगळं मग अकरा वाजता कँटीनमध्ये बाहेर पडे.

"तब्येतीला चांगलं हा शब्द कुणी काढला, सांगू? ज्याला स्वयंपाक येत नव्हता त्याने." ही सुरुवात. मग एकेकाच्या डब्यावर घसरायचं. कच्चा पाला खाणाऱ्याला ते म्हणत, "देवाच्या मनात असतं तर त्याने तुला चार पोटं दिली असती." ग्लास मोजून पाणी पिणाऱ्याला तहान कशाशी खातात ते माहीत नाही, आणि फळांचा रस म्हणजे साखरेचंच पाणी, फक्त त्याला लाज कमी. पॅकिंगमधली एक बाई रोज उकडलेला कोबी आणायची. तिला ते विचारत, "कुणी शिक्षा केली का बाई?" ती चिडून डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाई. पण सगळ्यात जास्त तोंड सुटे ते मिठावर. "मीठ कमी केलं की पदार्थ उरत नाही, नुसतं साहित्य उरतं. हल्ली कशालाच चव राहिलेली नाही. लोकांनी जगायच्या नादात जेवणं सोडलंय."

त्यातलं निम्मं खरं होतं, असं माझं स्वतःचं मत आहे. पण तोंडावर कबूल कोण करणार? तब्येतीच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात असं बोलणाऱ्याला खरं तर कधीच घरी बसवायला हवं होतं. उलट प्रयोगशाळेच्या मॅडम त्यांना फुलासारखं जपत. "माझ्याकडे एक शत्रू हवाच," त्या म्हणत. "नाकमुरड्यांनी नाक मुरडलं नाही, की समजायचं जगात कुणीच मुरडणार नाही." म्हणजे त्यांचं मत हीच त्यांची खुर्ची होती, आणि ते आणखी जोरात नाक मुरडत.

यंदा मॅडमनी टोमॅटोच्या सूपमधलं मीठ एक तृतीयांश कमी केलं. चार दिवस चाचणी, रोज तीन वेळा. पहिल्या दिवशी नाकमुरड्यांनी पहिला कप घेतला, चूळ भरली, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिन्ही सारखे. 'चतुराईने केलंय हं,' असं मनात म्हणून त्यांनी मधला आकडा लिहिला. दुपारपर्यंत ते जरा अस्वस्थ होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिन्ही सारखे. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक कप दोनदा घेतला, डोळे मिटून घेतला, आणि शेवटी मनात येईल तो आकडा ठोकून दिला. चौथ्या दिवशी तर झडप उघडण्याआधीच त्यांनी आकडा ठरवून ठेवला होता.

चाचणी संपली त्या दिवशी मॅडम कागद नाचवतच कँटीनमध्ये आल्या. "नाकमुरडे, बारापैकी चार!"

संपलं सगळं, नाकमुरड्यांना वाटलं.

"चारच!" मॅडमचा चेहरा नुसता फुलला होता. "मिठाच्या एवढ्या कैवाऱ्याला फरक कळला नाही! अहो, पास झालं की सूप!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोबीवाल्या बाईने तर उभं राहून वाजवल्या, तिची इतक्या वर्षांची भरपाई झाली. खोपट्यांतल्या बाकीच्या चौघांनी आठ-आठ, नऊ-नऊ वेळा फरक पकडला होता, ते कागदावर त्याच्या खालच्याच ओळीत होतं. पण मॅडमना जे हवं ते मिळालं होतं, आणि हवं ते मिळाल्यावर माणूस खालची ओळ वाचत नाही. तिनातून एक निवडायचा, तोही बारा वेळा, तर डोळे झाकून लिहिणाऱ्याचेसुद्धा चार बरोबर येतात. हे कँटीनमध्ये एकाच माणसाला सुचलं आणि तो मूग गिळून बसला.

दुपारी नाकमुरडे रिकाम्या प्रयोगशाळेत गेले. नव्या लोकांची जीभ तपासायला तिथे मिठाच्या पाण्याच्या आठ बाटल्या असत, एक नंबरात नावाला मीठ, आठ नंबर समुद्र. नोकरीला लागताना नाकमुरड्यांनी दोन नंबर ओळखला होता आणि त्यावर पुढे कित्येक महिने मिजास केली होती. आता त्यांनी दोन नंबर घेतला. पाणी. तीन, पाणी. चार आणि पाच, पाणी. सहाला कुठेतरी लांब काहीतरी हललं. खारट असं लागलं ते सातला.

सर्दी नव्हती, ताप नव्हता. ते बेसिनला धरून उभे राहिले आणि आठवू लागले. 'हल्ली कशालाच चव राहिलेली नाही' हे आपण कधीपासून म्हणतोय? गेल्या वर्षी म्हणत होतो. त्याच्या आदल्या वर्षीही. ज्या मतासाठी आपण कँटीनमध्ये दहा जणांशी भांडलो, ते मत नव्हतंच. तो आजार होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. सांगितलं तर जीभ गेलेल्या माणसाला चव घ्यायला कोण ठेवेल? दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. आणि बायकोच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टर, सगळं कारखान्याच्या दवाखान्यातून चालायचं.

बायकोवरून त्यांना घरची शेगडी आठवली.

घरचा स्वयंपाक नाकमुरडे करत. ते साडेतीनला घरी पोचत. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात इस्त्रीला होती, ती सहाला येई. घरात मापाचा चमचा नव्हता. चव घेणाऱ्याच्या घरात मापाचा चमचा म्हणजे त्याच्या जिभेचा अपमान, हे त्यांचं लग्नापासूनचं ब्रीद. मीठ घालायचं, चाखायचं, जिभेने हो म्हटलं की थांबायचं. महिनाभर जाणारा मिठाचा डबा हल्ली पंधरवड्यातच रिकामा व्हायचा. त्यावर त्यांनी मिठाच्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या, मिठातसुद्धा भेसळ करतात लेकाचे म्हणून.

बायकोला रक्तदाब होता. गेल्या महिन्यात पाय सुजले म्हणून ते तिला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मीठ किती खाता?" ती अभिमानाने म्हणाली, "आमच्याकडे मिठाचा प्रश्नच नाही. आमचे हे त्यातले जाणकार आहेत." डॉक्टरीणबाईंनी मान हलवून आणखी एक गोळी वाढवली. आणि नाकमुरडे शेजारच्या खुर्चीत बसून डॉक्टरकीला नावं ठेवत होते.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बटाटे आणि घेवडा शिजवला. मीठ हातात घेतलं आणि हात थांबला. किती घालायचं? इतक्या वर्षांत हे त्यांनी हाताला कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी चिमूट टाकली, चाखली, काहीच कळलं नाही. दुसरी टाकायची हिंमत होईना. सहापर्यंत ते ओट्याशी तसेच उभे होते. सांगावं, तर सगळं जाणार. न सांगावं, तर ही जाणार.

ती आली, चपला काढून खुर्चीवर टेकली. घोट्याला मोज्याची खोल खूण उमटली होती.

"आज मीठ तू घाल," ते म्हणाले.

"मी? तुमच्यासमोर?" ती हसली. "काय झालंय आज?"

"घाल ग. बघू तुला जमतं का."

ती उठली. तिने चमचाभर घातलं, चाखलं, विचार केला, आणखी घातलं. पुन्हा चाखलं.

"पुरे," नाकमुरडे म्हणाले.

"थांबा हो. अजून तुमच्यासारखं नाही लागत." आणि तिने तिसऱ्यांदा डब्यात हात घातला.

नाकमुरड्यांच्या तोंडून शब्द फुटला तो फाटल्यासारखा. "माझ्या जिभेला काही लागत नाही ग. कशाचीच चव लागत नाही."

"हे आज सांगताय? दोन वर्षं ऐकतेय मी." ती हसतच वाढून घेऊ लागली. "जगात कुणाला रांधता येत नाही, सगळं सपक झालंय, लोकांनी जेवणं सोडलंय. बसा आता, भूक लागलीय मला."

तिने घास उचलला. नाकमुरड्यांनी तिच्यासमोरची ताटली इतक्या जोरात ओढली, की रस्सा टेबलभर सांडला. ती घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं, कप, चिठ्ठ्या, बाटल्या, टाळ्या, काही ठेवलं नाही. सांगताना ते रडले.

तिने हातातला घास खाली ठेवला.

"पहिल्यांदा खारट लागायचं मला," ती म्हणाली. "फार लागायचं. म्हटलं, माझीच जीभ बिघडली. तुम्हाला कसं विचारणार? मग सवय झाली."

"उद्या जाऊन मॅडमना सांगतो."

"मुळीच नाही." ती फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. "गोळ्या कुठून आणायच्या मग? तपासण्या कुठे करायच्या? दोन वर्षं आहेत, काढा. मीठ उद्यापासून मी बघीन, मापाचा चमचा आणू विकत. तुम्ही तिथे अवाक्षर काढायचं नाही."

"अगं, पण मला काहीच कळत नाही तिथे. काय लिहू मी?"

"आजवर काय लिहिलंत?"

तिने फडकं पिळलं, वाळत घातलं आणि उरलेली भाजी पाण्याने वाढवायला पातेलं शेगडीवर ठेवलं.

"आणि नावं ठेवणं सोडू नका," पाठमोरीच ती म्हणाली. "एकदम गोड बोलायला लागलात, तर त्यांना संशय येईल."