बागिनात आलेली माती

काही प्रकरणं कागदावर बंद होतात, मनात मिटत नाहीत. हे त्यातलंच. पत्नी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

तेव्हा मी कन्नड मुलखात, देवनहळ्ळी भागात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक विधवा बाई ठाण्यात आली. घरी मराठी बोलणाऱ्या जुन्या कुटुंबातली. तिने टेबलावर बाटली ठेवून झाकण काढलं. खोलीभर पेट्रोलचा वास पसरला.

"माझ्या विहिरीचं पाणी, साहेब. याच्यावर माझी अबोली, अबोलीवर माझं पोट. सगळी रोपं जळाली. तो पेट्रोलपंप गळतोय."

संशय साहजिक होता. हमरस्त्यावरच्या पंपाची जमिनीखालची टाकी खरंच गळली होती. पण प्रदूषण मंडळाच्या आदेशावरून ती बदलली होती आणि नासलेली माती खणून ठेकेदारामार्फत शुद्धीकरणाला पाठवली होती. पंप आणि तिचं घर यांच्या मधल्या विहिरींचे नमुने घेतले. आठवड्याने अहवाल आला, सगळे स्वच्छ. म्हणजे पेट्रोल जमिनीखालून झिरपत आलं नव्हतं.

मग माती वाहणाऱ्या टिप्परच्या चालकाला बोलावलं.

"कुठे टाकलीस?"

"शुद्धीकरणाच्या प्लँटवर, सर."

"प्लँटचं गेट कोणत्या बाजूला आहे?"

त्याने छताकडे पाहिलं. "स्वल्प पाणी द्या, सर."

घसा कोरडा पडला की माणूस खोटं बोलतोय, एवढं आमच्या नव्या शिपायालाही कळतं. पण पुढे तो एकच घोकत राहिला: प्लँटवर टाकली.

दुपारी पंचनाम्याला बाईकडे गेलो. विहिरीभोवतीची सखल जागा नव्या मातीने भरून उंच केलेली दिसली.

"ही भर कोणी घातली?"

"भावानं. गौरीचं बागिन!" ती हसली. इकडे गौरीच्या सणाला भाऊ बहिणीला माहेरची भेट देतो. "दर वर्षी ब्लाउजपीस टेकवून पळतो. यंदा टिप्पर भरभरून माती. शेजारणी जळल्या नुसत्या."

"भाऊ टिप्पर चालवतो?"

"हो. का?"

हवालदाराने फावड्याने थोडं उकरलं. तोच वास आला. बाईचं हसू गेलं.

चालकाला जीपमधून तिथेच आणलं. बहिणीला पाहून त्याने हात जोडले. "अक्का, ठेकेदार म्हणाला कुठंही टाक, उन्हानं वास उडतो. तुझं अंगण तुंबतं, म्हणून मी..."

"गप." ती माझ्याकडे वळली. "तक्रार मागे घेतली तर हा सुटेल?"

"आता ते माझ्या हातात नाही, बाई."

"आणि नाही घेतली, तर माझं पाणी परत येईल?"

सोबत आलेले मंडळाचे अधिकारी म्हणाले, माती उचलता येईल. पाण्याला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही.

तिने विहिरीत एकदा वाकून पाहिलं. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. घ्या जबाब. पण ठेकेदाराचं नाव आधी लिहा."

तसंच लिहिलं. खटला दोघांवर झाला. माझी बदली झाली तेव्हाही ती टँकरचंच पाणी घेत होती.

तोवर तपासात माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: तुमचं कोणाशी वाकडं आहे? त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: अलीकडे तुम्हाला कोणी प्रेमाने काही दिलं का? तो विचारताना मला नेहमी थकवा यायचा.