शेंगांचे वाटे

बी.एड.चा शेवटचा परीक्षा-पाठ नाशिकच्या एका शाळेत, आठवीच्या वर्गावर होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी तेव्हाही ठणकावून सांगायची, आजही सांगते. पण हा पाठ फसला असता तर शिक्षिका होणं राहिलंच. आणि वडील तर गावी, सायखेड्यात, आधीच सांगत फिरत होते, "पोरगी मास्तरीण झाली!"

शिकवायचं होतं इंग्रजीतलं 'शेअर आउट', म्हणजे वाटून देणं, त्याचा अर्थ आणि वापर. मी रात्री जागून केकचा तक्ता रंगवला होता. तो फळ्यावर लावला तर पुढच्या बाकावरून आवाज, "बाई, ही भाकर हाय का?" वर्ग खिदळला. शेवटच्या बाकावर बसलेल्या परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग मी तक्ता काढूनच टाकला. पिशवीत वडिलांनी दिलेल्या भाजलेल्या शेंगा होत्या, त्या टेबलावर ओतल्या. "गावाकडं बोकड कापल्यावर वाटे कसे घालतात?"

अहो, वर्ग उसळला!

"बाई, एकानं पाठ करून उभं राहायचं!"

"दुसऱ्यानं वाट्यावर हात ठेवायचा, अन् त्यानं न बघता नाव घ्यायचं!"

"म्हंजी कुणाला बोलायला जागा नाय!"

बाकांप्रमाणे ढीग केले. एका मुलीला फळ्याकडे तोंड करून उभं केलं. ढिगावर हात ठेवून मी विचारायची, "हा कुणाचा?" ती बाक सांगायची, आणि शेंगा देताना सगळा वर्ग ओरडायचा, "वुई शेअर आउट द नट्स!"

सगळ्यात मोठ्या ढिगावर हात ठेवला. "हा कुणाचा?"

"शेवटच्या बाकाचा!"

सगळ्यांच्या माना मागे परीक्षकांकडे वळल्या. तेवढ्यात एक पोरगं म्हणालं, "घ्या सर, तुमचाबी वाटा हाय त्यात."

परीक्षकांनी ओंजळ पुढे केली. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि उभे राहिले.

"हू शेअर्ड आउट द नट्स?"

"वुई शेअर्ड आउट द नट्स, सर!" खिडक्या हादरल्या असतील!

सकाळपासून ते मला 'उमेदवार' म्हणत होते. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "टरफलं तेवढी झाडून घ्या, बाई."