साक्षीदार क्रमांक चार

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी विसरलो आहे, काही तर मुद्दाम. हे एक मात्र जात नाही. सकाळी दाढी करताना आठवतं आणि गालावर ब्लेड लागतं. बायको म्हणते, "जिंदगीभर चोरांले पकडलं, स्वतःचा गाल नाही सांभाळता येत तुमाले."

तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोट पट्ट्याबाहेर आलेलं होतं आणि आपल्याइतका हुशार तपास अधिकारी जिल्ह्यात नाही, अशी माझी ठाम समजूत होती. एक दिवस एसपी ऑफिसातून एक निनावी तक्रार चौकशीसाठी आली. अशी पत्रं सहसा फायलीत लागतात आणि तिथंच झोपतात. या पत्रात मात्र तारखा होत्या, वेळा होत्या. हिंदीत, एकेक अक्षर सुटं कोरून लिहिलेलं. मजकूर असा, की रेल्वे कॉलनीतल्या अमुक मुलीला खाजगी विमान कंपनीत पायलटची नोकरी लागली आहे. तिच्या लॉगबुकातले काही तास खोटे आहेत. या तीन तारखांना ती आकाशात नव्हती, रायपूरला घरी होती. शेवटी एक ओळ: 'नौकरी रोकी जाए, पर लड़की को सज़ा न हो.'

ती ओळ मी ठाण्यातल्या मुन्शीला, म्हणजे लिखापढीच्या हवालदाराला, मोठ्यानं वाचून दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

कंपनीचा धंदा मला आधी कळेना. एक छोटं जेट आठ-दहा श्रीमंत लोक हिश्श्यानं विकत घेतात. वर्षाकाठी ज्याच्या वाट्याला जेवढे तास, तेवढं त्यानं वापरायचं. विमान सांभाळायचं, पायलट ठेवायचे, ते सगळं कंपनीनं. मुन्शी म्हणाला, "मतलब साहब, अभनपुर में चार भाई मिलके ट्रैक्टर लेते हैं, वैसा ही." मी म्हणालो, हव, तसंच. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या मालकाचासुद्धा त्यात हिस्सा होता म्हणे. अशा कंपनीत शिरायचं तर लॉगबुकात ठरावीक तास हवेत. पायलट किती उडाला, कधी, कुठून कुठं, सगळं त्या वहीत असतं आणि शिकवणारा त्यावर सही करतो. मुलीनं अर्ज रायपूरहून पाठवला होता, म्हणून भानगड आमच्या ठाण्यात.

मी तिच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर, हल्ली ज्याला लोको पायलट म्हणतात ते. सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट. मूळ वर्ध्याकडचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. मी दारातच होतो, तर ते म्हणाले, "साहेब, तुमी ११.२० ले येतो म्हणले होते. ११.३२ झाले."

मी म्हणालो, "पोलीस लेट आले की लोक खुश होतात, काका."

ते हसले नाहीत. चहा आणायला गेले. मुलगी समोर येऊन बसली. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं म्हणून नवा पांढरा शर्ट खुर्चीवर टांगलेला. आई नव्हती, ती गेल्याला बरीच वर्षं झाली होती. वडिलांनीच वाढवलेली पोट्टी. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. आमच्या घरीही तेच चालतं, त्यामुळं मला त्याचं काही वाटलं नाही.

"अंकल, इंटरव्यू मैंने दिया, सिम्युलेटर टेस्ट मैंने पास किया. किसी ने सिफारिश नहीं की."

हे खरंच होतं. कंपनीनंही तेच सांगितलं: बोलावलेल्या सगळ्यांत ती सर्वांत चांगली होती.

मग मी शेजारच्या राज्यातल्या त्या फ्लाइंग क्लबात गेलो. तिथलं दुरुस्तीचं रजिस्टर मागितलं. त्या तिन्ही तारखांना तिचं शिकायचं विमान हँगरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या शेडमध्ये होतं, इंजिन काढून बाजूला ठेवलेलं. इंजिनाशिवाय विमान उडालं, अशी नोंद तिच्या वहीत होती आणि खाली शिकवणाऱ्याची सही. मेकॅनिक आणि क्लार्क दोघांचे जबाब झाले. प्रकरण तिथंच पुरतं बंद होत होतं. तेवढंच पुरेसं होतं, हे वाक्य मी पुढं बऱ्याचदा स्वतःशी म्हटलं आहे.

ठाण्यात महिला हवालदाराला बसवून तिची चौकशी केली. आरडाओरडा करावा लागला नाही. मी रजिस्टरची नक्कल समोर सरकवली. तिनं पाहिली आणि रजिस्टरच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"सब करते हैं, अंकल," ती म्हणाली. "जहाज महीनों खड़ा रहा. कंपनी की तारीख निकल जाती. मैंने सोचा, बाद में उतने घंटे उड़ लूँगी."

"काहून थांबली नाही?"

"थांबली असती तर कोणी दुसरा घुसता."

मराठीत ती एवढंच बोलली, तेही अर्धंच.

आता गुन्हा कबूल झाला होता. पण माझी हुशारी शांत बसेना. पत्र कोणी लिहिलं? हे मला कोणी विचारलं नव्हतं. एसपी साहेबांनीही नाही. तरी मी ते पत्र काचेखाली ठेवून रोज बघायचो. 'दिनांक अमुक, लड़की १३.४० से घर में, बुखार १०२. १७.०५ को डॉक्टर.' मुलीच्या तापाची वेळ मिनिटासकट, तीही अशी चोवीस तासांच्या घड्याळानं कोण लिहून ठेवेल? मी खुर्चीतून उठलो तेव्हा मुन्शीला वाटलं, विंचू चावला.

वडिलांना बोलावलं. मी मोठ्या थाटात विचारलं, "काका, तुमची डायरी दाखवता का?"

त्यांनी पिशवीतून लगेच काढून दिली. जणू बोलावण्याचीच वाट पाहत होते.

"तुमी लिहिलं?"

"हव."

"पोरगी तुमची. काहून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तिले आधी सांगितलं. घरात तापानं पडली होती अन् वहीत मले उडून राहिलेली दिसली. म्हणलं, बेटा, हे तास पुरे कर, मंग जा. तं ती म्हणे, बाबा, ह्या तुमच्या जमान्यातल्या गोष्टी. साहेब, मी गाडी चालवत होतो तं मागं डब्यात लोकं झोपून राहत. कोणाच्या भरवशावर? मले वाटलं, नोकरी थांबन, सहा महिने रुसन, तास पुरे करन, दुसरी भेटन. म्हणून तं खाली लिहिलं, सजा नको. तुमी वाचलं नाही का ते?"

मी वाचलं होतं. हसलोही होतो.

"तिले नका सांगजा," ते म्हणाले.

"नाही सांगणार," मी म्हणालो. आणि तोंडानं खरंच सांगितलं नाही. पण आरोपपत्र तयार करताना मला राहवलं नाही. माझ्या तपासातला सगळ्यात सुंदर भाग मी कागदावर न आणता कसा सोडणार? दीड पान लिहिलं: निनावी तक्रारदाराची ओळख कशी पटली, डायरी कशी जप्त केली. साक्षीदारांची यादी केली. एक, कंपनीचा अधिकारी. दोन, मेकॅनिक. तीन, क्लार्क. चार, वडील. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकून फक्त म्हणाली, "अन् त्या पोट्टीले कागद नाही भेटत का कोर्टात?"

आरोपपत्राची नक्कल आरोपीला मिळते. प्रत्येक आरोपीला, सगळ्या कागदांसकट. हे मी इतकी वर्षं स्वतःच्या हातानं करत आलो होतो. त्या दिवशी ते बायकोनं मला सांगितलं. आरोपपत्र तेव्हा दाखल झालेलं होतं.

कोर्टात नक्कल दिली त्या दिवशी वडील मुलीसोबत आले होते. जामिनाच्या तारखेलाही तेच यायचे, डबा घेऊन. ती बाकावर बसून पानं उलटत होती. वडील शेजारी डब्याचं झाकण उघडत होते, "दोन घास खाऊन घे." ती एका पानावर थांबली. मी दहा फुटांवर उभा होतो, मला पान कोणतं ते कळलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं नाही. कागद नीट जुळवले, पर्समध्ये घातले, उठली आणि चालत गेली. वडील डबा धरून बसून राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेवढंच.

पुढं तिचं लायसन्स रोखलं गेलं, कंपनीनं नाव काढलं. खटल्यात वकिलानं तडजोड केली, तुरुंग टळला. ती शहर सोडून गेली. शिकवणारा अजूनही कुठंतरी शिकवतो, असं ऐकतो.

मी निवृत्त झाल्यावर वडील एकदा गोल बाजारात भेटले. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, "साहेब, पोरगी पत्ता देत नाही. फोन बदलला तिनं. तुमी तं लोकांचा पत्ता लावता ना?"

नकार द्यायला मला तोंड नव्हतं. अर्ध्या दिवसात लागला पत्ता. दक्षिणेतल्या एका शहरात, विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर देखरेख करते. मी फोन केला. नाव सांगितलं. मागं कुठंतरी विमान सुटल्याचा आवाज येत होता.

"बाबा ठीक हैं?"

"ठीक आहेत. पत्ता मागून राहिले तुझा."

"अंकल," ती म्हणाली, "इस बार मत लिखिएगा."

मी नोकरीत शिकलो ते शोधायला. शोधलेलं स्वतःजवळ ठेवायलाही शिकावं लागतं, हे मला निवृत्तीनंतर एका मुलीनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "काका, नाही लागला पत्ता."

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग हसले. मी त्यांना त्याआधी हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"एवढे मोठे साहेब," ते म्हणाले, "अन् एक पोट्टी नाही सापडत तुमाले?"