बंद खाणीत बसलेली पोरं

यवतच्या पुढं, डोंगराच्या कडेला दगडाची खाण होती. नव्वदच्या सुमारास माझे आईवडील तिथं कामाला होते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. वडील घणानं मोठे दगड फोडायचे, आई त्यांची खडी करायची. मी आणि माझी धाकटी बहीण घमेली भरायचो. हातोडा मलाही मिळाला होता. खाणीवरच्या सगळ्याच पोरांकडं असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अधूनमधून सरकारी जीप यायची. पोरं कामाला ठेवायची नाहीत, हा कायदा मुकादमाला पक्का ठाऊक होता. वळणावर धूळ दिसली की तो ओरडायचा, “पोरं हलवा!” आम्ही शेजारच्या बंद खाणीत उतरून बसायचो. जीप गेली की तो हाक मारायचा. आम्हाला ते आवडायचं. तेवढीच सुट्टी.

एकदा जीप मुकादमालाच बरोबर घेऊन ढाब्यावर जेवायला गेली. आम्हाला हाक मारायची राहून गेली. सुरुंगवाले मामा सकाळपासून त्या बंद खाणीच्या काठावर भोकं पाडत होते, पण जीप आली तेव्हा ते सुरुंगाची दारू आणायला गेले होते. आम्ही खाली आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं लांब गेल्यावर त्यांनी भोकं भरली आणि इशाऱ्याची शिट्टी मारली.

शिट्टी आम्ही ऐकली. पण हाक आल्याशिवाय वर यायचं नाही, असं बजावलेलं होतं. आम्ही बसून राहिलो.

आई बाकीच्या बायकांबरोबर डंपरच्या आड भाकरी सोडत होती. तिनं विचारलं, “पोरी कुठं हायेत?” मुकादमाची हाक ऐकल्याचं कुणालाच आठवेना. ती उठली आणि पळत सुटली.

पुढचं मी खालून पाहिलं. आई काठावर आली आणि भरलेल्या भोकावरच उभी राहिली. मामांच्या हातात वात पेटवायला विडी होती.

“अगं बाजूला हो! सुरुंग भरलाय!”

“माज्या पोरी खाली हायेत. लावा आता बत्ती.”

मामांनी वाकून बघितलं. आम्ही सगळे वर बघत होतो. त्यांनी विडी लांब भिरकावली. मग स्वतः उतरून त्यांनी एकेकाला उचलून वर आणलं, चालत येऊ शकणाऱ्यांनासुद्धा. “हाक तरी मारायची व्हती रं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मुकादम आला तो सुरुंग का उडाला नाही म्हणून ओरडतच. आई म्हणाली, “उद्यापासनं माज्या पोरी यायच्या न्हाईत.”

“मग तूबी येऊ नको.”

“न्हाई येत.”

वडील तिथंच राहिले. आई आम्हा दोघींना घेऊन राहू गावाला मावशीकडं गेली. खुरपणीला जाऊ लागली, आमची नावं शाळेत घातली. मला शाळा मुळीच आवडली नाही. मला पहिलीत बसवलं होतं, आणि वर्गात सगळ्यांत उंच मीच. एका जागी बसून पाय अवघडायचे. दोनदा मी शाळेतून पळून शेतावर आईकडं गेले. दोन्ही वेळा तिनं खुरपं खाली ठेवलं आणि मला वर्गाच्या दारापर्यंत परत आणून सोडलं. रागावली नाही. दिवाळीपर्यंत मला वाचता यायला लागलं, मग मी पळायची थांबले.